माळावरचे दोन दिवे

वच्छलाआजी रोज सकाळी मिश्री लावत लावत अंगणातून निघायची आणि वस्तीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापाशी जाऊन उभी राहायची. डाव्या तळव्यावर मिश्री, उजव्या हातात नवऱ्याची काठी. खांबावर पत्र्याची एक पेटी होती, तिचं दार कधीच गळून पडलेलं. काठीच्या टोकानं ती आतलं बटण खाली पाडायची. वस्तीवरचे दिवे विझायचे. मग क्षणभर उगवतीकडं बघून ती तोंड धुवायला परत फिरायची.

दिवे संध्याकाळी कुणीही लावायचं. अंधार पडला की कुणाला तरी आठवतंच. विझवायचं कुणाला आठवायचं नाही. ऊन वर आलं की जळणारा दिवा दिसतही नाही, त्यामुळे तो कुणाच्या डोळ्यांत खुपतही नाही. तिच्या मात्र खुपायचा.

तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. दिवाळी झाली की कोकणाच्या अंगानं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, हलला की पुरुष मेंढरं घेऊन पुढं जायचे, बायका घोड्यांवर संसार लादून मागून. निघण्याआधी चुली विझल्यात का हे बघायचं काम तिच्याकडं असायचं. ज्याच्याभोवती माणूस बसलेलं नाही असा जाळ मागं ठेवून वाट धरायची नाही, हे तिला सासूनं शिकवलेलं. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या बिरोबाच्या माळावर पक्की घरं झाली, मेंढरं गेली, मुलगा शंभू रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. पण तिच्या अंगातली ती पाहणी गेली नाही.

आणि पाणी. वाटेवर असताना पाणी म्हणजे दुसऱ्याची विहीर, मालक घेऊ देईल तेवढं. माळावर राहायला आल्यावर ओढ्यातला झरा आणि डोक्यावर हंडे. मग अगदी अलीकडं, नवरा, भिमाआबा, वारल्यावर, पंचायतीचा नळ तिच्या अंगणात आला. पहिला तांब्या तिनं बिरोबाला घातला, दुसरा आबांच्या फोटोपुढं ठेवला. तिसरा भरला आणि नळाशीच उभ्या उभ्या पिऊन टाकला. सून रुपाली सांगते, "आत्या त्या दिवशी कुणाशी बोलल्याच नाहीत. नुसत्या नळ सोडायच्या आन् बंद करायच्या."

दिवा आणि नळ यांचा संबंध तिला वायरमन सुरजनं सांगितला. एका सकाळी त्यानं तिला खांबापाशी पाहिलं.

"आजी, पंचायतीनं तुम्हाला पगार चालू केला का काय?"

"तू करतोस का माझं काम? मग मी झोपती."

सुरज हसला, पण मग म्हणाला, "बंद करता ते बरं करता. दिव्याचं बिल आन् पाण्याच्या मोटारीचं बिल, दोन्ही पंचायतच भरती. दिव्याचं फुगलं की पाण्याचं राहतं. लय राहिलं की वरनं आम्हाला मोटारीची वायर काढायला सांगत्यात. दिवे काढले तर कोण वरडत न्हाई. पाणी काढलं की सगळे पळत येत्यात."

"म्हंजी दिवा जळाला तर माझा नळ जाणार?"

"एकट्या तुमचाच न्हाई. पण व्हय, तुमचाबी."

त्या दिवसापासून ती पाऊण तास आधी उठू लागली.

दुसऱ्या वर्षी माळावर हायमास्ट आला. भला उंच खांब, माथ्यावर दिव्यांचं कडं. जुने दिवे काढून नेले, जुनी पेटीही नेली. हायमास्टच्या पायथ्याला लोखंडी खोकं, खोक्याला कुलूप, आत घड्याळ. संध्याकाळी घड्याळ दिवा लावणार, सकाळी विझवणार. वच्छलाआजीला सगळ्यांनी सांगितलं, आता तुमची सुट्टी. तिनंही आनंदानं काठी दाराआड ठेवली.

पण ते घड्याळ विजेवर चालणारं होतं. वीज गेली की थांबायचं, आली की थांबलं होतं तिथून पुढं चालायचं. आमच्याकडं वीज एकदा गेली की तिच्या सवडीनं येते. थोड्याच दिवसांत त्या घड्याळाची रात्र सरकत सरकत भर दुपारवर आली. लख्ख उन्हात वर दिव्यांचं कडं पेटलेलं, आणि रात्री वस्तीवर असा अंधार की शेजारच्या घराची चौकट दिसू नये.

आजीनं पुन्हा काठी काढली. मिश्री लावत ती खोक्यापाशी जाऊन उभी राहायची. काठीनं पाडायला तिथं काही नव्हतं.

सुरज म्हणाला, काटा फिरवला की झालं, दोन मिनिटांचं काम. पण चावी पंचायतीकडं नाही. ती ठेकेदाराकडं, दौंडला. पंचायतीच्या शिपायानं ठेकेदाराला फोन लावला म्हणे. पुढं काही झालं नाही. शंभूनं मोबाईलवर सरकारी तक्रार टाकली. काही दिवसांनी संदेश आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्या वेळी माळावर दुपार होती आणि दिवा जळत होता.

शेवटी शंभूच्या सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या गाडीवर मागं बसून दौंडला गेली. ठेकेदाराचं दुकान बाजारात. काउंटरवरच्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आम्ही चावी मागाया आलोय," ती म्हणाली. "काटा फिरवून लगेच माघारी देतो."

"आजी, चावी देता येत नाही. दुसऱ्यानं हात लावला की वॉरंटी जाती."

"मग तुमी हात लावा."

"आमचा माणूस येईल ना."

"कवा?"

"त्या रूटवर आला की."

"आन् रूटवर कवा येतो?"

"तिकडची अजून एक तक्रार आली पाहिजे. एका खोक्यासाठी गाडी पाठवायला परवडत नाही."

आजीनं पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी दुसऱ्या कुणाचं बिघडायची वाट बघू?"

परतताना शंभू वाटभर चिडून बोलत होता. "आये, एक हातोडा मारतो. कुलूप म्हंजी काय, खेळण्यातलं हाय."

"न्हाई."

"का न्हाई? बिल आपलं, नळ आपला."

"दुसऱ्याच्या वाघरीची गाठ आपुन सोडत न्हाई."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. शेजारी शेजारी दोन वाडे उतरले, एकाचं कोकरू दुसऱ्याच्या जाळीत गेलं, तरी आपण होऊन गाठ सोडायची नाही. हाक मारायची. मालकानं उठून सोडायची. त्यातूनच माणसं एकमेकांवर विसंबून माळावर झोपू शकतात. "ही वाघर न्हाई, आये, खोकं हाय," शंभू म्हणाला. "गाठ ती गाठच," ती म्हणाली. तिचं चुकलं असेल तर ते इथं. पंचायत हा शेजारचा वाडा आहे आणि हाक मारली की मालक उठतो, असं ती धरून चालली.

तिनं हाक मारली. माळावरच्या बायका गोळा केल्या. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी ग्रामसभेला पहिल्यांदाच येत होत्या. पंचायतीच्या ओसरीवर पुरुषांच्या मागं सतरंजीवर त्या बसल्या. सरपंच जयसिंगराव, बागायतदार घरातले, तिला मावशी म्हणणारे. शेजारी ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

आजी उभी राहिली. "सरपंच, आमच्या माळावर दिवसा उजेड हाय आन् रातीला अंधार."

पुढून कुणीतरी म्हणालं, "दिवसा उजेड सगळीकडंच असतो की, मावशी!" ओसरी हसली. दुसरा म्हणाला, "मावशीला दिवसा चांदण्या दिसायला लागल्या."

"दिसत्यात की. तुमच्याच पैशानं लावल्यात," ती म्हणाली, आणि या वेळी मागच्या बायका हसल्या.

जयसिंगरावांनी हात वर केला. "मावशींचं खरं हाय. अंधाराचा त्रास हाय. भाऊसाहेब, लिहून घ्या."

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं. बिरोबाचा माळ येथे रात्री अंधार असल्याने ग्रामस्थांची, विशेषतः महिलांची गैरसोय होते, तरी प्रकाशव्यवस्था करण्यात यावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजीनं सही केली, बायकांनी केल्या. वाचलेलं सगळं खरं होतं. रात्री अंधार होताच. दिवसाचा उजेड तेवढा लिहायचा राहिला होता, आणि ते घरी पोचेपर्यंत कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

रुपालीच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी ती भाऊसाहेबांना भेटली. ते म्हणाले, आता प्रोसिडिंग लिहून झालं, पुढच्या सभेत बोला. पुढची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. त्याच्या पुढच्या सभेआधी माळावर एक टेम्पो आला, आणि त्यातून नवा खांब उतरला.

दुसरा हायमास्ट. हा सौर. पहिल्यापासून हाकेच्याही नव्हे, कुजबुजीच्या अंतरावर. उद्घाटनाला मांडव घातला, नारळ फोडला. जयसिंगरावांनी भाषणात सांगितलं, की एका जागरूक माउलीनं मागणी केली आणि पंचायतीनं ती पुरी केली. मग वच्छलाआजीला पुढं बोलावून तिच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजल्या. भर दुपार होती. तिच्या डोक्यावर जुना दिवा जळत होता.

ती शाल सावरत म्हणाली, "सरपंच, आन् ह्याचं घड्याळ?"

"बघू की, मावशी. आता नवीन आलाय ना."

"नव्याला पैसं हायत आन् काटा फिरवायला न्हाईत?"

जयसिंगराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला मांडवाच्या कडेला नेऊन समजावलं, जसं त्यांना कुणीतरी वर समजावलं असणार. "दुरुस्तीला हेड न्हाई, मावशी. नव्या कामाला हेड हाय. हा निधी घेतला नसता तर माघारी गेला असता."

"हेड म्हंजी?"

"पैशाचा कप्पा म्हणा. ह्या कप्प्यातलं त्या कप्प्यात टाकता येत न्हाई."

"येकाच घरातलं?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्यांना पुढं मांडवगणला लग्नाला जायचं होतं.

यात कुणी चोरी केली नव्हती, हेच सगळ्यात अवघड होतं. चोर असता तर त्याच्या नावानं ओरडता आलं असतं. इथं प्रत्येकानं आपापलं काम रीतसर केलं होतं, ठेकेदारानं, भाऊसाहेबांनी, सरपंचांनी, मोबाईलमधल्या त्या संदेशानंही. रीतसर कामांची अशी रांग लागली होती आणि तिच्या शेवटी उन्हात एक दिवा जळत होता. आजी रोज सकाळी जायची, मिश्री लावत दोन खांबांच्या मधे उभी राहायची. नवा वेळेवर विझायचा. जुना मग थोड्या वेळानं, तिच्या डोळ्यांसमोर, उजाडल्यावर पेटायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाला पंचायतीची थकबाकी वाढली आणि वायर काढायचा हुकूम आला. वायर काढायला सुरजच आला होता. आधी मोटारीची काढली, मग दिव्यांची. माळावर येऊन तो आजीसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"तू कशाला तोंड पाडतोस," ती म्हणाली. "तू सांगितलंच व्हतंस. च्या पी."

अशा रीतीनं जुना दिवा अखेर दिवसाचा विझला. नळही त्याच दिवशी गेला. आजी संध्याकाळी नळाशी गेली, सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. आतून नुसती हवा आली. तिनं नळाचं तोंड पदरानं पुसलं आणि घरात गेली. दुसऱ्या सकाळपासून ती खांबाकडं गेली नाही. काठी दाराआडच राहिली.

पाण्याचा टँकर येऊ लागला, येईल तेव्हा. ते साठवायला अंगणात निळं टिपाड आलं, बिनझाकणाचं प्लॅस्टिकचं पिंप. सौर दिवा मात्र रोज संध्याकाळी चोख पेटायचा. त्याला ना बिल, ना वायर. सबंध माळावर तेवढाच उजेड, म्हणून रानातले सगळे किडे त्याच्याकडं यायचे, भोवती भिरभिरून खाली पडायचे, पाण्यात, पिठात, अंथरुणावर. आजीनं उद्घाटनाची शाल काढली आणि टिपाडाच्या तोंडावर ताणून बांधली. शंभू म्हणाला, "आये, सत्काराची शाल हाय ती." ती म्हणाली, "मग सत्कारच चाललाय."

पावसाळ्यानंतर तिला धाप लागू लागली. शिरूरला दवाखान्यात नेलं, आणलं. थकबाकीतला काही भाग भरून पंचायत वायर जोडून घेणार, असं तेव्हा गावात बोलत होते, अजून बोलतात. त्या काळात एकदा मी तिला भेटायला गेले, तर खाटेवरून तिनं पहिला प्रश्न विचारला तो वायरीचा. नाही म्हटल्यावर तिनं कूस बदलली.

गेली ती पहाटे, झोपेतच. आदल्या संध्याकाळी रुपालीनं तिला भाकरी दुधात कुस्करून दिली होती, ती तिनं अर्धी खाल्ली. बाहेर सौर दिवा पेटला तसा भिंतीवर त्याचा पांढरा पट्टा आला. रुपाली ताट उचलून वळली, तेव्हा आजी मागून म्हणाली,

"टिपाड झाकलं का गं? लाईटीचं किडं पडत्यात."