बाबांच्या गाण्याची बाजू

कार्डिफमधल्या चॅरिटी शॉपमध्ये जुन्या रेकॉर्डींचं खोकं दिसलं की मी आजही वाकते. पन्नासच्या दशकातले, केस चापून बसवलेले, गोडगोड हसणारे इंग्रजी गायक. त्यांतलाच एक बाबांना हवा होता. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, गाण्याचंही नाही, आणि आता चाल सांगणारंही कुणी नाही.

लग्नाआधी एका मित्राच्या घरी त्यांनी ते प्रेमगीत रेडिओवर ऐकलं होतं. "शेजारी बसून बोलतोय असं गायचा गं," एवढीच खूण. "तू तिथेच आहेस, तुला मिळेल." मी तेव्हा हॉस्पिटलच्या ड्यूट्या आणि दोन मुलं यांत पिचलेली. पत्रात फटकन लिहिलं, "बाबा, नावाशिवाय दुकानात काय मागू?"

त्या काळी आम्ही पुण्याशी कॅसेटवर बोलायचो. एकच कॅसेट जायची-यायची. एक बाजू त्यांची, दुसरी आमची, जुन्यावरच नवं टेप करायचं. त्यांच्या बाजूला आईच बोलायची. गुडघे, भाडेकरू, मावशीची सून. पाचेक मिनिटांत मी वैतागून बंद करायची. त्या पत्रानंतर आलेली कॅसेटही तशीच बंद केली, उलटली आणि आमची बाजू संपत येईपर्यंत मुलांकडून पाढे म्हणवून टेप केले.

बाबांनी गाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. विसरले असतील, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं.

काही वर्षांनी बाबा गेले. दिवस झाल्यावर मी आईला सहज म्हटलं, "ते गाणं शोधायचं राहूनच गेलं."

ती चमकली. "अगं, तुला नाव हवं होतं ना? नाव नाही म्हणून ह्यांनी स्वतःच गायलं की! दोन दिवस तालीम केली. माझी बाजू भरली होती, म्हणून तुमच्या बाजूवर टेप केलं. उलटून ऐक, असं मी शेवटी सांगितलंही होतं."

मला मान वर करवेना. "मग कॅसेट परत आली तेव्हा?"

"आधी तीच बाजू लावली ह्यांनी. म्हणाले, पाढे पक्के झालेत हो पोरांचे. मग पुन्हा लावली, अगदी शेवटपर्यंत. पाढ्यांच्या मागे आपलं थोडं कुठे उरलंय का, बघायला."