तिसऱ्या अंकातली बाई

माझी पीएच.डी. एका काव्यनाटकावर होती. विषयाचं नाव लांबलचक: निवेदन, विचारसरणी आणि शैली. मुद्दा साधा होता. नाटकात एका बाईवर अन्याय होतो. तिसऱ्या अंकात ती समोर उभी असते, पण तिच्यावर काय गुदरलं ते नवरा, सासरा आणि पुरोहित सांगतात. तेही सुरेख वृत्तात. ओळी इतक्या गोड, की आपण माना डोलावतो आणि बाईला कुणी बोलूच दिलं नाही हे ध्यानात येत नाही. ऐन उमेदीची वर्षं मी या एका प्रकरणापायी घासली.

मार्गदर्शक सरांनी नेमकं तेच प्रकरण प्रबंधातून काढायला लावलं. म्हणाले, "बाहेरून येणारे परीक्षक या नाटककाराचे भक्त आहेत. कशाला वाकड्यात शिरता? डिग्री घ्या नि मोकळ्या व्हा." मी पुष्कळ हुज्जत घातली. पण डिग्रीशिवाय कॉलेजातली माझी तासिकेवरची नोकरी कायम होणार नव्हती. काढलं. म्हटलं, तोंडी परीक्षेत विषय निघाला तर सोडणार नाही.

परीक्षकांचं जेवण उमेदवाराच्या घरून, हा तेव्हाचा रिवाज. आईनं श्रीखंड-पुरी आणली. वडिलांनी त्या दिवशी फुलबाजारात माल धाडलाच नाही. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातल्या शेवंतीचे हार करून दोघं मागच्या रांगेत येऊन बसले.

आणि परीक्षकांनी तेच विचारलं. "तिसऱ्या अंकात ती गप्प का? तुम्ही याचा विचारच केलेला दिसत नाही."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "मी सांगतो." आणि खरंच सांगितलं हो. माझंच प्रकरण, माझीच उदाहरणं, "मला नेहमी असं वाटत आलंय" म्हणून सुरुवात करून. वर म्हणाले, "बाईंना सुचवलं होतं मी, पण त्यांचा तेवढा आवाका नाही." परीक्षक खूश झाले. मी "सर, पण" म्हणाले. सर हसून म्हणाले, "आता पण-बिण काही नाही, पुऱ्या गार होतायत." सगळे हसले, टाळ्या झाल्या. वडिलांनी पहिला हार सरांनाच घातला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

घरी जाताना रिक्षात वडील म्हणाले, "सर म्हंजी देवमाणूस. तुला एका शब्दाचा तरास पडू दिला नाय."

"आन् बोलत्यात किती गोड," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत मान डोलवत राहिली.