समुद्रावरची येळवस

नवं कॅलेंडर हातात आलं की लोक सुट्ट्या बघतात. आमचे बिराजदार सर मार्गशीर्षातली अमावास्या शोधत आणि लाल पेनाने तिच्याभोवती गोल काढत. तो गोल म्हणजे येळवस. त्या दिवशी आमच्याकडची माणसं उभ्या ज्वारीत जाऊन पाच दगडांचे पांडव मांडतात, शेताभोवती आंबील शिंपडतात आणि मग शेंगा-भाज्या घोटून केलेल्या भज्जीवर, भाकरी-खिरीवर ताव मारतात. सर शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत गणित शिकवत, पण त्यांचा जीव गावाकडे, दुधनीच्या शेतात.

येळवसला आम्हा शिक्षकांना तिथे जावंच लागे. बांधावरून जाणारा अनोळखी माणूस दिसला की सर हात वर करून कानडीत ओरडत, "बर्री, ऊट माडरी." म्हणजे या, जेवा. त्यांचा नियम पक्का होता. "परका जेवल्याबिगर घरचा जेवत न्हाय. मग ती येळवस कसली?" सगळ्यांची पंगत उठेस्तोवर दिवस कलायचा, आणि तेव्हा कुठे सरांची बायको, आमच्या शांतावहिनी, चुलीपासून उठून उरलंसुरलं पानात घ्यायच्या. तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा बायकांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वहिनींची इच्छा एकच होती, समुद्र बघायची. पण मे आणि दिवाळीची सुट्टी शेतात जायची, उरायचा नाताळ, आणि नाताळ आला की येळवस तोंडावर. दर वर्षी सर म्हणत, "पुढल्या साली." मग वहिनींच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी फेब्रुवारीत गुडघे बदलायचं ऑपरेशन ठरवलं. वहिनी मला म्हणाल्या, "बाई, हे माझे स्वतःचे पाय हायत तवर एकदा त्या पाण्यात उभं ऱ्हायचंय."

मी उत्साहाने मालवणजवळ चौघांसाठी दोन खोल्या घेतल्या. आम्ही नवरा-बायको आणि ते दोघं. कॅलेंडर बघायचं मात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी तारखा ऐकल्या आणि भिंतीकडे बोट केलं. लाल गोल बरोबर मधल्या दिवसावर होता. माझा चेहरा उतरला. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "ऱ्हाऊ द्या बाई. समुद्र काय पळून चाललाय व्हय?"

निघायच्या दिवशी दोघंही गाडीपाशी हजर. सर कानटोपी घालून उभे, एका हातात कडब्याची पेंढी, दुसऱ्यात पातेली ठेवलेलं पोतं. पोत्यात तळाशी शेतातले पाच दगड. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "शेत येत न्हाय म्हणून येळवस सोडायची का? दगडं तर येत्यात की."

मालवणला उतरलो तेव्हा डिसेंबर असूनही घाम फुटला. कानटोपी पिशवीत गेली, मागोमाग स्वेटर. वहिनी पिशवीही न ठेवता वाळूत चालू लागल्या. पहिली लाट पायावर आली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि अशा हसल्या की मला दोन वेण्यांची शाळकरी मुलगीच दिसली.

येळवसच्या सकाळी उठून बघते तर मागच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर सर स्वतः भज्जी घोटत होते. डोळे धुराने लाल. वहिनी पुढे झाल्या तर म्हणाले, "तू हितं यायचं न्हाय. जा, पाण्यात उभी ऱ्हा."

दुपारी सुरूच्या झाडाखाली कडब्याची इवलीशी खोप उभी राहिली, आत पांडव बसले. घरमालकीण मामी लांबून बघत होत्या. सरांनी जेवायला हाक मारली तशा म्हणाल्या, "आमी माशे खातंव. आमका चलतला?"

"भूक लागली का? मग चालतंय," सर म्हणाले. आंबिलीचं भांडं घेऊन ते उठले आणि अडखळले. शिंपडायची कुठे? मामींनी पाण्याकडे हात केला. "आमचा शेत ह्याच." सर लाटांच्या कडेकडेने आंबील शिंपडत निघाले, दुधनीत घालतात ती आरोळी घालत, "हुल्लुल्लिगो, चल्लांबरिगो." मामींची नातवंडं ओरडत मागे धावली.

पानं मांडली. पहिलं ताट मामींचं, हे उघड होतं. सरांनी ते नेऊन ओल्या साडीने बसलेल्या वहिनींपुढे ठेवलं. वहिनी गडबडल्या. "अवो, परक्याला आधी."

"तूच आज पावणी हायस," सर म्हणाले. "तीस वर्षं माझ्या शेतात राबलीस. एक दिस तुझ्या समुद्रावर मी राबलो तर काय बिघडलं?"

वहिनींनी घास घेतला. मग म्हणाल्या, "मीठ कमी हाय." सरांनी मुकाट्याने मीठ आणून दिलं. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

सर आता निवृत्त होऊन दुधनीला राहतात. गेल्या येळवसला माझे मिस्टर पुढे गेले, मागून मी पोचले तर सर चुलीपाशी होते, आणि वहिनी नव्या गुडघ्यांनी खुर्चीत, खोपीच्या सावलीला, पुढ्यात वाढलेलं ताट. मला बघून म्हणाल्या, "बसा बाई, उभ्या का? तुमच्या मिस्टरांना लावलंय वाढायला."