नमस्कारांच्या खाली

आमच्या कराटेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणसं एकमेकांना शिव्या देत होती, तेव्हा तो ग्रुप जास्त उपयोगाचा होता. हे शहाणपण आजचं आहे. तेव्हा मला त्या भाषेची किळस यायची. चंद्रपूर-गडचिरोलीतले शिकवणारे आणि शिकणारे सगळे त्या ग्रुपवर. कोणी सरावाचा व्हिडिओ टाकला की दुसरा लिहायचा, 'लाथ मारून राह्यला का म्हशी हाकलून राह्यला?' मग पहिला त्याच्या खानदानावर जायचा.

मी दिवसा शाळेत मराठी शिकवते आणि संध्याकाळी नागभीडच्या विहाराच्या हॉलमध्ये मुलींचा कराटेचा वर्ग घेते. 'मॅडमचं लिहिणं चांगलं आहे' म्हणत वरिष्ठांनी ग्रुप माझ्या गळ्यात घातला. मी नियम केला: आधी सर्व वरिष्ठांना पट्ट्याच्या क्रमाने वंदन, मग विषय. कोणाची चूक चारचौघांत काढायची नाही. आठवडाभरात ग्रुप असा सोज्वळ झाला की मी नवऱ्याला कौतुकाने वाचून दाखवायची. तो म्हणाला, 'यात कामाचं काय हाये?' मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अहेरीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावातली मुलगी त्या ग्रुपवर होती. आश्रमशाळेत कराटे शिकलेली. तिच्या गावात रेंज नव्हती. आठवड्याच्या बाजाराला अहेरीला आली की व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि घरी सराव करायची. तिची लाथ पाहून ग्रुपवरच्या शिव्या देणाऱ्यांचीही बोलती बंद झाली होती. त्या वर्षीच्या चाचणीत तिची निवड झाली, तर नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात तिला जागा मिळणार होती. नाही तर आईबरोबर मिरची तोडायला तेलंगणात. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती.

चाचणी चंद्रपूरला ठरली होती. हॉल मिळाला नाही म्हणून ती नागभीडला हलवली. सूचना मी लिहिली. उद्घाटक, पाहुणे, हॉल देणारे, मंडपवाले, सगळ्यांचे यथोचित आभार मानले आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलं की चाचणी नागभीडला होईल. मोबाइलवर लांब मजकुराच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. बाकीचं 'पुढे वाचा' दाबल्यावर. ग्रुपवर सगळ्यांनी इमोजीचे हात जोडले. कोणी काही दाबलं नाही; आसपासच्यांना बदल तोंडीच कळला.

दोन दिवसांनी त्या मुलीचा मेसेज आला. बारा वरिष्ठांना क्रमाने वंदन, एकही पट्टा चुकला नव्हता. मीही हात जोडले. मनात म्हटलं, लेकीला वळण आहे.

चाचणीच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. 'मॅडम, मी चंद्रपूरले आली. इथी तर हॉलले कुलूप हाये.'

मी तिला नागभीडची बस धरायला सांगितलं आणि फोन ठेवून तिचा मेसेज उघडला. बाराव्या वंदनाच्या खाली लिहिलं होतं: 'चाचणी चंद्रपूरलेच हाये ना? चुकलं असेन तर सांगजा.' त्याखाली चौतीस जणांचे जोडलेले हात. त्यांत माझेही.

ती आईला घेऊन पोचली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. खेळाडूंची वजनं घेणं अकरालाच बंद झालं होतं, आणि वजनाशिवाय चाचणीत उतरता येत नव्हतं. मी निवड करणाऱ्यांच्या हातापाया पडले. ते गोड बोलले. 'मॅडम, सूचना तुमचीच होती. आता नियम मोडता येत नाई.'

'तू विचारलं होतं ना,' मी तिला म्हटलं. 'मग परत काऊन नाई विचारलं?'

'एवढ्या मोठ्या लोकायनं हात जोडले, मॅडम. चूक असती तर कोणीतरी बोललं असतं.'

तिच्या आईने मला विचारलं, 'पुढच्या साली घेतीन का हिले?' उत्तर मुलीनेच दिलं, 'नाई माय, वय संपलं.' मला माझी इतकी लाज वाटत होती की मान वर होईना.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं, 'यापुढे पहिल्या ओळीत काम. नमस्कार नसले तरी चालतील.' वरिष्ठ दुखावले. अशाने कराटेचा आत्माच जाईल, असं एकाने लिहिलं. त्यावर सर्वांनी हात जोडले. जुनाच नियम चालू राहिला.

महिन्याभराने तिचा मेसेज आला. बारा वंदनं. या वेळी मी शेवटपर्यंत वाचला. 'उद्या मिरचीले जाऊन राह्यली. खेळणं सोडलं. ग्रुप पण सोडते. तुमी सगळ्यायनं लय शिकवलं.' मी फोन लावला. तो बंद होता.

संध्याकाळपर्यंत त्या मेसेजखाली चाळीस जणांनी हात जोडले. आमच्यातल्या सर्वांत वरिष्ठांनी लिहिलं, 'अभिनंदन बेटा, अशीच प्रगती करत राहा.'