नात्याचा रकाना

परदेशी माणूस पुण्यात कसा राहतो, हे मला विचारा. पाच वर्षं मी बाणेरला एका जर्मन साहेबाच्या घरी स्वयंपाक केला. चाकणच्या कारखान्यात तो मोठा इंजिनियर होता. इकडे धाडताना कंपनीनं त्याला एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, भारतात कसं राहावं याचं. डाव्या हातानं जेवू नये, पाणी उकळून प्यावं, गाईला वाट द्यावी, असलं सगळं ज्ञान त्यात होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीशी कसं वागावं, याबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. म्हणजे ते पुस्तक लिहिणारा पुण्यात कधी भाड्यानं राहिला नसणार.

मी मूळची जुन्नर तालुक्यातल्या आळ्याची, दिलेली तिथल्याच डिंगोऱ्याला. तिथून नवऱ्यामागं पुण्यात आले. तो एका गोडाऊनवर वॉचमन, मी चार घरी पोळ्या करायची. राहायला पत्र्याची एक खोली, तीही दुसऱ्याची. तसं बघायला गेलं तर परदेशी मीपण होते, फक्त मला कुणी पुस्तक दिलं नाही.

साहेबाचं कौतुक काय सांगावं. लिफ्टमध्ये शिरला की शेजारीण विचारणार, तिखट चालतं का तुम्हाला? पहिल्या वर्षी विचारलं, तसंच पाचव्या वर्षीही. तो बिचारा दर खेपेला पहिल्यांदाच विचारल्यासारखा हसायचा. वास्तविक माझी मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा ओरपून, घाम पुसत, "ताई, चटणी कमी पडली," म्हणणारा माणूस तो. मराठी माझ्याकडूनच शिकला, त्यामुळे बोलायचाही माझ्यासारखाच. "लई भारी झालंय" म्हणायचा. एकदा सोसायटीच्या गणपतीत माईकवर "आमी लई खुश हाय" म्हणाला, तर सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, अहो, त्यांना जरा शुद्ध शिकवा ना. मी म्हटलं, शुद्ध पाहिजे असेल तर शिकवणीवाली लावा, मी स्वयंपाकाचे पैसे घेते.

पण त्याचा खरा छळ केला तो फॉर्मनी. गॅसला फॉर्म, भाडेकरू म्हणून पोलिसांना फॉर्म, मोबाईलला फॉर्म, पार्किंगला फॉर्म. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती आणि प्रत्येकीवर फोटो. साहेब शिस्तीचा. चष्मा लावणार, सगळा कागद दोनदा वाचणार, मगच सही करणार. बँकेतला माणूस पेन पुढं धरून ताटकळत उभा, आणि हा आपला पान उलटून बारीक अक्षरं वाचतोय. मराठी फॉर्म असला की मला बोलवायचा. मी वाचून दाखवायची, तो अक्षरावर बोट ठेवायचा. असं करत करत मराठी वाचायला आणि मोडकंतोडकं लिहायलाही शिकला. शाळेत मी पोरांना कधी शिकवलं नाही, पण एका जर्मनाला विजेच्या बिलावर बाराखडी शिकवली.

एक रकाना मात्र त्याला कधी सुटला नाही. अडीअडचणीला कुणाला कळवायचं त्याचं नाव, आणि पुढं 'नातं'. नावाच्या जागी तो माझं नाव लिहायचा. नात्याच्या जागी पेन अडायचं. सेक्रेटरी म्हणाला, लिहा कामवाली. साहेबानं त्याच्याकडं बघितलं आणि रकाना कोराच ठेवला. अर्धवट फॉर्म घेत नाही म्हणून सेक्रेटरीनं तो तीन वेळा परत पाठवला.

तिसऱ्या वर्षी त्याला डेंगू झाला. दवाखान्यात नातेवाइकाची सही पाहिजे. त्याचे नातेवाईक समुद्रापलीकडं, कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये. मी सही केली. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, नातं काय? मी सांगितलं, स्वयंपाकीण. तिनं तसंच लिहून घेतलं. साहेब स्ट्रेचरवर पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होता. मला मेलं दोन दिवस जेवण गेलं नाही. खोटं तर बोलले नव्हते.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं, आणि माझ्या स्वतःच्या नात्याचा तमाशा उभा राहिला.

मला एकच भाऊ, माझ्याहून धाकटा. कडेवर घेऊन वाढवलेला. आमच्या वडिलांची आळ्याला तीन एकर जमीन, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाच्या खाली माझं नाव लागलं. बरीच वर्षं त्या नावाचा कुणाला त्रास झाला नाही. मग शेजारी हॉटेलं झाली, पेट्रोल पंप आला, आणि माझं नाव भावाच्या डोळ्यात खुपायला लागलं. आमच्याकडं यावर सोपा उपाय आहे. बहिणीनं कागदावर सही करून आपला हक्क सोडायचा, आणि बदल्यात भावानं दिवाळीला साडी नेसवायची. हक्कसोड म्हणतात. नाव मात्र लई खरं ठेवलंय.

मी सही केली नाही. जमीन कसायला जाणार होते का? नाही. विकणार होते? तेही नाही. पण लेकीनं एकदा मोबाईलवर सातबारा काढून दाखवला, त्यात दुसऱ्या ओळीत माझं नाव. खोली घरमालकाची, गॅस नवऱ्याच्या नावावर, राशनकार्डावर मी कुणाची तरी बायको. अख्ख्या दुनियेत माझं नाव माझं म्हणून छापलेलं होतं ते तेवढंच. कामाला जाता-येता बसमध्ये मी ते उघडून बघायची. भावाला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, आक्काला येड लागलं.

त्यानं बोलणं टाकलं. दोन वर्षं ना फोन, ना भाऊबीज. आणि आता लेकीचं लग्न. आमच्यात मुलीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप कोपऱ्यात असला तरी चालतो, मामा लागतो. पाठीशी मामा नसलेली नवरी म्हणजे सासरच्यांना जन्मभर पुरेल एवढा विषय. लेकीनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, मामा नाय आला तरी चालंल, पण परका उभा करू नको. मी एकटी जाईन." म्हणाली खरी. पण मामाचं नाव पत्रिकेत आहे ना, हे तिनं दोनदा तपासून घेतलं होतं.

लग्न रविवारचं, आळेफाट्याला कार्यालयात. हळदीला डिंगोऱ्यात साहेबही आला. गावानं त्याला पाहुणा म्हणून जे छळलं, त्यापुढं पुण्याचे फॉर्म बरे. दहा घरी चहा, दहा घरी, "पावणं, आमच्याकडचं चालंल ना?" संध्याकाळी भाऊ मोटरसायकलवरून आला. मला वाटलं, रक्त शेवटी ओढतं. त्यानं गाडी स्टँडवर लावली, खिशातून घडी केलेला स्टँपपेपर काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आक्का, ह्याच्यावर सही दे, उद्या मामा म्हणून उभा ऱ्हातो. समद्यांच्या बहिणींनी दिल्यात. तुलाच पुण्याची हवा लागली."

मी म्हटलं, "उद्या बघू." आणि आत जाऊन चुलीपुढं बसून रडले. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून सांगायला चूल बरी पडते. साहेब ओट्यावर होता, सगळं ऐकत होता. माझ्या नवऱ्याला त्यानं हळूच विचारलं, "त्या कागदावर काय हाय?" नवऱ्यानं सांगितलं. नवरा एरवी दिवसात चार वाक्यं बोलतो, त्या दिवशी मात्र सगळं तपशिलात सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा. तो टळून तास झाला, कारण स्टेजवर पुढारी शुभाशीर्वाद देत होते. एकेकानं माईक हातात घेतला की नवरा-नवरी सोडून बाकी सगळ्या तालुक्याचं भलं करूनच खाली ठेवायचा. साहेबालाही वर बोलावलं. माईकवाला म्हणाला, जर्मनीवरून खास या लग्नासाठी पधारलेले पाहुणे. बाणेरवरून आमच्याच टेम्पोत भांड्यांबरोबर आला होता तो. त्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. तसाच नारळ सांभाळत तो खाली उतरला आणि नवरीच्या खोलीपाशी येऊन उभा राहिला.

एवढा वेळ कुणाला घाई नव्हती. पुढारी जेवायला गेले आणि माईकवाल्याला मुहूर्त आठवला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

भाऊ खोलीच्या दारातच होता. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला फेटा, एका हातात तो कागद, दुसऱ्या हातात पेन. फेटा आधीच बांधून आला होता पठ्ठ्या, एवढी खात्री.

"आक्का, कर सही. दोन मिनिटांचं काम. बाकीचं उद्या जुन्नरला ऑफिसात उरकू."

माईकवाला ओरडला, "मुलीचे मामा, दुसऱ्यांदा सांगतोय, वेळ जातोय."

मी लेकीकडं बघितलं. मुंडावळ्यांतून ती खाली बघत होती. मानेनं नको म्हणत होती, पण हनुवटी थरथरत होती तिची. लहानपणी पडल्यावर न रडता उठायची, तेव्हा व्हायची तशी. मग माझा धीर सुटला. कसलं नाव आणि कसली ओळ. हातातलं ओवाळणीचं ताट मी खाली ठेवलं आणि पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, मी सही करणारच होते.

"ताई, तुझ्या हाताला कुंकू हाय. कागद खराब व्हईल," साहेब म्हणाला. त्यानं नारळ भावाच्या हातात दिला. कुणी नारळ पुढं केला की माणूस आपोआप घेतो, तसा भावानंही घेतला. तेवढ्यात साहेबानं माझ्या हातातलं पेन काढलं, कागद काढला, भिंतीला टेकवला आणि सही ठोकली. सही झाल्यावर खाली लिहीतच बसला, सवयीप्रमाणे.

मग भाऊ भानावर आला. "अहो पावणं, हे काय केलं? स्टँप व्हता तो."

"फॉर्म," साहेब म्हणाला, "हितं सही केल्याशिवाय काय व्हत न्हाई." एवढा भोळा चेहरा मी त्या माणसाचा पाच वर्षांत बघितला नव्हता.

भावानं कागद चुरगळून फेकला. नवा आणायचा तर रविवार, सगळं बंद. तोवर तिसरी हाक आली, आणि यावेळी माईकवाल्यानं मामांचं नाव घेऊन हाक दिली. भावकीतली सगळी डोकी दाराकडं वळली. दारात माझा भाऊ उभा, डोक्याला फेटा, हातात नारळ. इतका तयार मामा त्या कार्यालयानं बघितला नसेल. आता मागं फिरायचं तर फेटा कुठं लपवणार?

त्यानं नवरीचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याचा हात तिच्या पाठीवर होता. शेवटच्या अक्षतांना त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. उकाडा होता, घामही असेल. नंतर पंगतीला बसला, जिलेबी दोनदा मागून घेतली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. नवा स्टँपपेपर आणतो म्हणून गावात सांगत फिरतो, असं ऐकते. अजून काही आलेला नाही.

पुण्याला परतताना टेम्पोत मी साहेबाला विचारलं, "खरं सांगा, काल नवऱ्यानं समजावलेलं कळलं नव्हतं का तुम्हाला?"

"माझं मराठी कच्चं हाय, ताई," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर ऊस बघत बसला. गॅसचा फॉर्म दोनदा वाचणारा माणूस. त्या दिवशी त्यानं चष्मासुद्धा लावला नव्हता.

चार महिन्यांनी कंपनीनं त्याला परत बोलावलं. जाताना आणखी सात फॉर्म भरून गेला.

त्या दिवशी अक्षता पडल्यावर मी तो चुरगळलेला कागद खोलीतून उचलून कमरेला खोचला होता. घरी आल्यावर हातानं सरळ केला. सहीखाली त्यानं सगळं नीट भरलं होतं, नाव, पत्ता, पासपोर्टचा नंबर. त्याच्याही खाली, त्या कागदावर नसलेला एक रकाना पेनानं आखून काढला होता. वर लिहिलं होतं 'नातं', आणि पुढं, मोठ्या वाकड्या अक्षरात, 'भाऊ'.