शेवटच्या पानावरची आजी

लायब्ररीत काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. परत आलेल्या पुस्तकांतून बिस्किटाचे कण आणि बसची तिकिटं निघतात, तसेच तेही निघतात. त्यात आमच्या प्रताप नगरच्या लायब्ररीत मी हट्टाने अकरा पुस्तकं घ्यायला लावली. नुसत्या चित्रांची, शब्द एकही नाही. तेव्हापासून तर ढीगच साचलाय!

पुस्तकं मांडली त्याच संध्याकाळी पहिलं परत आलं. एक बाबा ते काउंटरवर ठेवून म्हणाले, "मॅडम, डिफेक्टिव्ह पीस आहे. अक्षरं छापायचीच राहिली!"

आमचे सेक्रेटरी चौधरी सर, निवृत्त हेडमास्तर, शेजारीच होते. म्हणाले, "एक महिना देतो. मग पालकांची मीटिंग. ते नको म्हणाले, तर ही पुस्तकं काढायची आणि कपाटात शुद्धलेखनाची ठेवायची."

मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी "हो सर"च्या पलीकडे बोलले नाही.

*

मग मुलं जमवली. सगळ्यांचं लाडकं पुस्तक बकरीचं. एक आजी बकरी घेऊन बाजाराला निघते, शेवटच्या पानावर आजी आणि बकरी पाठमोऱ्या चाललेल्या असतात. बस्स!

मी प्रत्येक पान समजावत होते. "बघा हं, आता आजीला वाईट वाटतंय..."

सहा वर्षांची रिद्धी वैतागली. "ताई, थोडी चूप बस ना वं. मी वाचून राहिली!"

कॉलेजात बालसाहित्याच्या प्रोजेक्टला मला ए ग्रेड होती!

*

एका वडिलांचा फोन. "मॅडम, पोरगी म्हणते आजी रडून राहिली, बायको म्हणते हसून राहिली. जेवण थांबलं आहे घरात. खरं काय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले वाटून काय फायदा? याची गाईड मिळते का?"

*

एकदा पुस्तकं घेऊन एसटीने रामटेकच्या शाळेत चालले होते. शेजारच्या सीटवरच्या मावशींना वाटेत कन्हानला उतरायचं होतं. वेळ जावा म्हणून त्यांनी बकरीचं पुस्तक मागून घेतलं.

"अवं, गाभण आहे हे बकरी! पोट पाह्य ना तिचं!"

मी ते पुस्तक शंभरदा पाहिलं होतं. पोट एकदाही दिसलं नव्हतं.

"गाभण बकरी कोन इकते वं?" मावशी खरोखरच काळजीत पडल्या. कंडक्टर "कन्हान, कन्हान!" ओरडून थकला. मावशींनी मान वर केली तेव्हा कन्हान कधीच मागे पडून मनसर आलं होतं.

"आता आलीच आहे, तं शेवट पाहूनच उतरते!"

*

मीटिंगच्या आदल्या दिवशी चौधरी सरांनी त्याच पुस्तकात प्रत्येक चित्राखाली पेन्सिलने, मोत्यासारख्या अक्षरात, एकेक वाक्य लिहिलं. "अपूर्ण होतं, पूर्ण केलं," म्हणाले. मला रडूच आलं.

मीटिंगमध्ये त्यांनी सगळं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य : "आजी बकरीला घेऊन आनंदाने घरी परतते." मग म्हणाले, "पाहा, आता कसं शिकवता येतं!"

पालकांनी माना डोलावल्या. माझं कपाट गेलं, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात रिद्धी उठली. "सर, ही ते आजी नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या आजीच्या पायात चपला नव्हत्या. हिच्या आहेत. बकरी दुसऱ्याच आजीसोबत चालली!"

सरांनी चष्मा चढवला. पहिलं पान. शेवटचं पान. पुन्हा पहिलं पान.

"बाजारात घेतल्या असतील चपला," एक आई म्हणाली.

"बकरी इकल्याशिवाय चपला कशा घेतल्या?" गाईडवाले वडील भडकले. "इकली तिनं!"

"गाभण आहे ती!" मी ओरडले.

मग काय! सगळे उठून टेबलाभोवती. कोणी खुर्चीवर चढलं, कोणी खिडकीच्या कट्ट्यावर. पंधरा मिनिटं कपाटाचं नाव कोणी काढलं नाही.

आणि त्या सगळ्या डोक्यांच्या खालून सरांचा आवाज आला, "रिद्धी बेटा, तुझ्याजवळ खोडरबर आहे का?"