काचेआडची मंत्रीणबाई

तिला खुर्चीत बसून बोलता यायचं नाही. सभागृहाच्या वर, पाहुण्यांची गॅलरी संपते तिथे काचेची एक अरुंद खोली होती. आत दोन खुर्च्या, दोन माईक आणि पाण्याच्या बाटल्या. खाली कुणी राजधानीच्या भाषेत बोलायला उभं राहिलं की ही वर हेडफोन चढवून उठायची आणि वायर पुरेल तेवढ्या जागेत येरझारा घालत ते सगळं घरच्या भाषेत सांगत जायची. तिच्या जोडीचे दुभाषी पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते माईक बंद असला की म्हणायचे, "अहो ताई, बसा की जरा. भिंगरी तुमच्या पायाला आणि चक्कर मला."

बांधकाम मंत्री बोलायला उभे राहिले की ते काम न सांगता तिच्याकडे यायचं. रस्ते, पूल, धरणांची डागडुजी, कशावर किती खर्च झाला आणि का झाला नाही, हे सगळं त्यांचं खातं. त्यांच्या बोलण्याच्या खोडी तिला तोंडपाठ होत्या. "सभागृहाला माहीतच आहे" असं ते म्हणाले, की पुढे सभागृहाला अजिबात माहीत नसलेलं काहीतरी येणार, हे ती ओळखून असायची आणि आधीच श्वास घेऊन ठेवायची.

दुभाष्याचा पहिला नियम असा, की बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'मंत्री म्हणतात की' असलं शेपूट लावायचं नाही. त्यामुळे सभागृहाचं कामकाज रेडिओवर लागलं की नदीपलीकडच्या तिच्या माहेरी, दुकानांतून आणि ओसऱ्यांवरून, तिचा आवाज ऐकू यायचा: मी रस्ता मंजूर करतो, मी निधी देतो. आईला ते मुळीच खपायचं नाही.

"हे काय चाललंय तुझं रेडिओवर? मी करतो, मी देतो! चांगली शिकलीसवरलेली बाई तू."

"आई, ते मंत्री बोलतात. मी नुसतं सांगते."

"मग 'सांगते' असं तरी म्हण!"

गावाने मात्र तिचं नाव मंत्रीणबाई ठेवून टाकलं. सुट्टीत ती लाँचमधून काठावर उतरली की कुणीतरी हटकायचंच, "काय मंत्रीणबाई, आमच्या रस्त्याचं काय केलंत?" तीही हसून म्हणायची, "करतो, करतो." तेव्हा त्यात गंमत होती.

मग एका अधिवेशनात मंत्र्यांनी पुलाची घोषणा केली. याच नदीवर, याच गावापाशी. "दोन वर्षांत मी हा पूल बांधून देईन," असं ते म्हणाले, म्हणजे रेडिओवर ती म्हणाली. त्या दिवशी येरझारा घालताना तिचा आवाज थोडा चढलाही होता. का नाही चढणार? आईला गुडघ्यांमुळे लाँचमध्ये चढता येत नव्हतं.

ती लाँच तिच्या थोरल्या भावाची होती. दोन काठांमधली ने-आण तोच करायचा. घोषणेनंतर काही महिन्यांत त्याने लाँच विकली आणि पुलाचा रस्ता जिथे उतरणार होता, तिथे मोजणीच्या लाल झेंड्यांच्या शेजारी पत्र्याची शेड उभी केली. पूल झाला की ट्रक येणार, ट्रक आले की बिघडणार, आणि इंजिनांत तर त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्याने बहिणीला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकलं होतं.

नदीत दोन खांब उभे राहिले आणि काम थांबलं. ठेकेदाराची माणसं आधी दुपारची दिसेनाशी झाली, मग सकाळचीही. लाँच आता शेजारच्या गावातला एकजण लहर लागेल तशी आणायचा. ती माहेरी आली तेव्हा भाऊ रिकाम्या शेडमध्ये स्पॅनर पुसत बसला होता. जागच्या जागी सगळे पाने लखलखत होते.

"कधी होईल म्हणतो तुझा मंत्री?"

"मला कसं माहीत असणार, दादा?"

"नाही, तूच बोलतेस म्हणून विचारलं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती शेडच्या दारापासून काठापर्यंत आणि काठापासून दारापर्यंत फिरत राहिली. शेवटी वहिनी म्हणाली, "ताई, एका जागी टेका हो. तुम्हाला बघून मलाच कसंतरी होतंय."

त्या भेटीनंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कामात चूक होत नव्हती, पण खाली मंत्री उठले की तिच्या येरझारा वाढायच्या. घरी भाजी चिरता चिरता ती दारापर्यंत जाऊन यायची, आणि आपण कशाला गेलो ते आठवायचं नाही.

पुढच्या अर्थसंकल्पात खात्याच्या मागण्यांवर चर्चा होती. मंत्र्यांच्या भाषणाची प्रत वर काचेच्या खोलीत आधीच आली होती. तिने ती पुन्हा पुन्हा चाळली. पुलाचं नाव कुठेच नव्हतं. मंत्री उठले, पानामागून पान वाचत गेले, आणि मध्येच त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"सभागृहाला माहीतच आहे," ते म्हणाले.

मास्तरांनी मान वर केली. तिने श्वास घेतला.

"नदीवरच्या त्या पुलासाठी मी यंदा तरतूद केलेली नाही. पुढच्या वर्षी करीन, असंही सांगत नाही. माझ्या खात्याचे जुने पूल आहेत, त्यांच्या तुळया तडकल्या आहेत, आणि आपण इथे बोलत असताना त्यांच्यावरून शाळेच्या बस चालल्या आहेत. पैसा एकदाच खर्च होतो. नवा पूल बांधून फीत कापायची, की जुने पडू द्यायचे नाहीत? मी जुने निवडले."

तिची जीभ कुठे अडखळली नाही. उलट, ते शेवटचं वाक्य तिच्या तोंडी इतकं पटण्यासारखं उतरलं की तिलाच स्वतःची चीड आली. विरोधकांनी गलका केला. मंत्री थांबले, चष्मा काढला, आणि हळू आवाजात एक तुटक वाक्य बोलले. त्यांच्या भाषेत चुकण्यासाठी एकच शब्द आहे. हिशेब चुकला तरी तोच आणि अपराध घडला तरी तोच. विचार करायला वेळ नव्हता. ती बोलून गेली:

"दोन वर्षं म्हणालो होतो. माझं चुकलं."

'करतो', 'देतो' यांत निदान तो पुरुषी 'तो' मध्ये उभा असायचा. 'माझं चुकलं' मध्ये बाई नव्हती, पुरुष नव्हता. नुसता तिचा आवाज होता.

भाषण संपेपर्यंत ती बोलली, मग माईक मास्तरांकडे देऊन बाहेर पडली आणि मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत जिन्याने खालीवर करत राहिली.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, सगळं गाव म्हणतंय की तुम्ही माफी मागितलीत. सासूबाई रेडिओसमोर बसून रडल्या." मग फोन भावाने घेतला.

"खरं सांग चिमे, तो तसं म्हणाला, का तू पदरचं घातलंस?"

"तोच म्हणाला, दादा."

"मंत्री असं म्हणत नसतात," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरच्या भाषेतल्या वर्तमानपत्रांत ठळक मथळा होता: मंत्र्यांनी चूक कबूल केली. दुपारच्या आत तिला मंत्र्यांच्या दालनात बोलावणं आलं. इतकी वर्षं ती त्या माणसाचं 'मी' बनून बोलत आली होती आणि त्याला समोरासमोर कधी भेटली नव्हती. वरून दिसायचे त्यापेक्षा ते बुटके होते, आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"बसा, बाई."

"उभी राहिले तर चालेल?"

त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मी अंदाज चुकला म्हणालो होतो. तुम्ही माझ्या तोंडी माफी घातलीत."

"साहेब, तुमच्या भाषेत शब्द एकच आहे."

"आणि तुमच्या?"

"आमच्याकडे दोन आहेत. त्यातला एक त्या क्षणी उचलावा लागतो."

"मग तोच का उचललात?"

तिने उत्तर शोधलं. घरचे चेहरे दिसत होते म्हणून? की त्यांनी चष्मा काढला म्हणून? "माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"मी रागावलेलो नाही. पण चूक खात्याची असं एकदा कबूल केलं, की ठेकेदार उद्या कोर्टात उभा. तो टपूनच बसला आहे. मग जुन्या पुलांचा पैसा वकिलांच्या घशात. म्हणून मला उद्या सभागृहात खुलासा करावा लागेल." ते थांबले. "तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायला सांगू का?"

हो म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. मास्तरांनी तो खुलासा सहज निभावला असता. पण मग गावाने म्हटलं असतं, की मंत्रीणबाईला खरं बोलली म्हणून हाकललं. आणि ते तर साफ खोटं ठरलं असतं.

"नको. मीच बोलते," ती म्हणाली.

खुलासा दोन-तीन वाक्यांचा होता. कामकाज सुरू झाल्या झाल्या मंत्री उठले, आणि ती वरून घरच्या भाषेत बोलली: "परवाच्या माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ घेतला गेला. मी अपराधाची कबुली दिलेली नाही. कामाला लागणाऱ्या काळाचा अंदाज चुकला, एवढंच मी म्हणालो." मास्तरांनी बाटली पुढे सरकवली.

आठवड्याच्या शेवटी ती माहेरी गेली. पलीकडे जायला लाँच येईना, तिची वाट पाहता पाहता तिने अर्धा काठ पालथा घातला. गावात या वेळी कुणी मंत्रीणबाई म्हणून हाक मारली नाही. दुकानदाराने तर तिला पाहून रेडिओचा आवाज कमी केला. आईने पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

भाऊ शेडमध्येच होता.

"आधी म्हणालीस चुकलं. मग म्हणालीस चुकलं नाही."

"दादा, ते..."

"ते म्हणाले. ठाऊक आहे. त्यांचं ऐकून झालं माझं. तुझं काय म्हणणं आहे?"

असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तडकलेल्या तुळया खऱ्या होत्या, शाळेच्या बस खऱ्या होत्या, आणि हे लखलखणारे पाने, हेही खरंच होतं. दोन्ही बाजू तिला सारख्याच सफाईने मांडता आल्या असत्या, आणि त्याचीच तिला या क्षणी लाज वाटली.

"पूल होणार नाही," ती म्हणाली. "निदान आपल्या उमेदीत नाही. वाट बघू नकोस. असं मला वाटतं. मला, दादा."

"हे आधी कुणी सांगितलं असतं तर लाँच गेली नसती," तो म्हणाला. मग उठून त्याने शेडचं दार ओढून घेतलं. त्या मुक्कामात तो तिच्याशी फारसं बोलला नाही.

शेड मात्र त्याने मोडली नाही. पुढच्या काही महिन्यांत, ट्रक येत नाहीत तर न येवोत, म्हणून तो नावांची आणि लाँचची इंजिनं दुरुस्त करायला लागला. वरच्या अंगाच्या गावांतूनही लोक नावा ओढत आणू लागले. ज्याला त्याने स्वतःची लाँच विकली होती, तोसुद्धा एकदा ती खोकत-खोकत घेऊन आला. त्या दिवशी भाऊ जेवायला घरी आलाच नाही, असं वहिनीने हसत फोनवर सांगितलं.

आणि मग, इंजिनाचा एक सुटा भाग कुठेच मिळेना म्हणून तो राजधानीत आला. दुकान दुपारनंतर उघडणार होतं. तिने त्याला पास काढून गॅलरीत बसवलं, कानावर हेडफोन दिला. खाली मंत्री सांडपाण्याच्या वाहिन्यांवरच्या खर्चाबद्दल बोलत होते. ती काचेआडून सांगत होती आणि डोळा मात्र भावावर होता. जरा वेळाने त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि तो तसाच ऐकत बसला, मान पुढे काढून. एक वाक्य तिचं निसटलं. मास्तरांनी ते पकडलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हेडफोन बिघडला होता का?"

"नाही. म्हटलं, तो माणूस स्वतः कसा बोलतो ते ऐकावं."

"काही कळलं?"

"एक अक्षर नाही. दमलेला वाटला." मग थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "पण तू मध्ये नव्हतीस, ते बरं वाटलं."

ते तिला लागलं, आणि लागू नये असंही वाटलं. दोघं तसेच चालत दुकानाशी आले. ती सवयीने पुढे झाली, दुकानदाराशी राजधानीच्या भाषेत पहिलं वाक्य बोलणार, तेवढ्यात भावाने तिला हाताने मागे सारलं.

"थांब. मी बोलतो."

त्याला त्या भाषेतले आकडे आणि 'नको' एवढंच येत होतं. त्याने खिशातून झिजलेला जुना भाग काढून काउंटरवर ठेवला, बोटांनी माप दाखवलं, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. दुकानदार हसला, आत गेला, चुकीचा भाग घेऊन आला. भावाने मान हलवली. पुन्हा बोटं, पुन्हा आवाज. तिला नेमका शब्द माहीत होता. तो तिच्या जिभेच्या टोकावर येऊन तिथेच अडून राहिला. ती दारातून रस्त्यावर गेली, रस्त्यावरून दारात आली, आणि आत दोघं हातवारे करत एकमेकांना समजावत राहिले.